जुने संगणक, मोजकी वीज आणि गावची शाळा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यवतमाळ, वर्धा, अमरावती या भागातल्या जिल्हा परिषद शाळा, आश्रमशाळा आणि लहान हायस्कुलांमध्ये आम्ही संगणक अभियांत्रिकीचे पहिले धडे देतो. मुख्याध्यापक, पालक, ग्रामपंचायतीचे सदस्य आणि शिकवायला येणारे कॉलेजचे विद्यार्थी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. ज्याला जे लागेल ते त्याने वाचावं, सगळं वाचलंच पाहिजे असं नाही.

शाळेत संगणक आहेत, पण कित्येक वर्षांपासून बंद आहेत. आधी नवीन घ्यावे लागतील का?

नाही. आधी खोलीची किल्ली शोधा आणि प्लास्टिकची कव्हरं काढा.

बंद पडलेला संगणक म्हणजे मेलेला संगणक, असं आपण फार लवकर ठरवून टाकतो. प्रत्यक्षात कॅबिनेट उघडलं की कारणं ठरावीकच निघतात. मदरबोर्डवरचा रुपयाच्या नाण्याएवढा ३ व्होल्टचा सेल संपलेला असतो, म्हणून दर वेळी तारीख चुकते आणि मशीन सुरू होताना अडते. रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर थर बसलेला असतो. तो साध्या खोडरबराने हलक्या हाताने पुसला आणि रॅम पुन्हा नीट बसवली की बऱ्याच मशीन बोलू लागतात. आणि पंखा. कापसाच्या जिनिंगजवळच्या गावात पंख्याच्या मागची जाळी उघडून पाहा. धूळ तर असतेच, पण तिच्यात रुईचे तंतू असे गुंफलेले असतात की सगळा थर नमद्यासारखा एका तुकड्यात सोलून निघतो. त्या थरामुळे हवा आत जात नाही, प्रोसेसर तापतो, तापला की स्वतःचा वेग कमी करतो आणि शेवटी मशीन बंद करतो. लोक म्हणतात, 'कॉम्प्युटर स्लो झाला.' त्याचा श्वास कोंडलेला असतो, एवढंच. थर काढायचा, प्रोसेसर आणि त्याची उष्णता बाहेर टाकणाऱ्या हीटसिंकमधली वाळलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावायची.

हे काम मुलांनीच करायचं, हा आमचा आग्रह आहे. फक्त दोन गोष्टी मुलांनी कधीही उघडायच्या नाहीत: एसएमपीएसचा (संगणकाला वीज पुरवणारा) डबा आणि जुना काचेच्या नळीचा मॉनिटर. प्लग काढल्यानंतरही त्यांच्या आतल्या कपॅसिटरमध्ये आणि नळीत धोकादायक भार शिल्लक राहू शकतो. हे पहिल्या तासाला सांगायचं आणि दर तासाला पुन्हा सांगायचं.

खर्च करायचाच असेल तर जुनी हार्ड डिस्क काढून लहान एसएसडी (फिरणारे भाग नसलेली वेगवान डिस्क) टाका आणि रॅम ४ जीबीपर्यंत न्या. जुन्या मशीनला एवढ्याने जितका फरक पडतो तितका दुसऱ्या कशानेच पडत नाही.

विंडोज १० बंद झालं म्हणतात. मग हे संगणक वापरायचे कसे?

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि शाळांमधल्या बहुतेक जुन्या मशीन विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. ही हार्डवेअरची मरणतारीख नव्हे. विंडोजच्या जागी लिनक्स टाका: लुबुंटू किंवा लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती अशा मशीनवर नीट चालते, फुकट आहे आणि तिला सुरक्षा अपडेट मिळत राहतात. मराठी टायपिंगसाठी इनस्क्रिप्ट कळफलक त्यात आधीपासून असतो. मुलांना लिनक्स अवघड जाईल अशी भीती शिक्षकांनाच जास्त असते. ज्याने आधी काहीच पाहिलेलं नाही, त्याला सगळं सारखंच नवीन असतं.

म्हणजे हा एमएस-सीआयटीसारखाच क्लास आहे का?

नाही. एमएस-सीआयटी संगणक वापरायला शिकवते, आणि ते उपयोगाचंच आहे. आम्ही संगणक आतून कसा चालतो ते शिकवतो: शून्य आणि एक, लॉजिक गेट, प्रोसेसर आणि मेमरी, प्रोग्रॅम, सेन्सर, आणि या सगळ्याला वीज किती लागते. आमच्याकडे प्रमाणपत्र नाही. प्रमाणपत्र हवं असेल तर ते दुसरीकडून जरूर घ्या.

संगणक सुरू व्हायचे तेव्हा होतील. तोवर काय शिकवणार?

पहिले काही तास आम्ही मुद्दामच संगणकाशिवाय घेतो.

जिन्यातल्या दिव्यापासून सुरुवात होते. खाली एक बटण, वर एक बटण, दिवा एकच. गावात जिना असलेलं घर किंवा पंचायतीची इमारत असतेच. मुलांना विचारायचं: दोन्ही बटणं कोणत्या स्थितीत असली की दिवा लागतो? चार शक्यता वहीत मांडल्या की ध्यानात येतं की बटणं वेगवेगळ्या बाजूंना असली की दिवा लागतो आणि एकाच बाजूला असली की विझतो, किंवा जोडणीप्रमाणे याच्या बरोबर उलट. हेच एक्सऑर गेट. मग दोन बटणं एकापाठोपाठ जोडली की अँड गेट होतं. एकाच जोडीच्या स्थितीवर हे दोन्ही एकत्र चालवले की एक अधिक एक करणारं यंत्र तयार: एक्सऑर बेरजेचा अंक देतो, अँड हातचा देतो. हे आम्ही प्लायवूडच्या तुकड्यावर ९ व्होल्टच्या सेलवर, रोधक आणि एलईडी लावून करतो. घरातल्या विजेला हात लावायचा नाही. पाचवीच्या मुलीने एक अधिक एकचं उत्तर दिव्यांतून वाचलं, की प्रोसेसर नावाच्या वस्तूची भीती गेलेली असते.

दुसरा खेळ तराजूचा. आठ काडेपेट्यांमध्ये तुरीचे दाणे कमी-जास्त भरायचे, तराजूला वजनं ठेवायची नाहीत, आणि पेट्या हलक्यापासून जडापर्यंत लावायच्या. प्रत्येक पेटी प्रत्येक पेटीशी तोलली तर २८ वेळा तराजू उचलावा लागतो. दोन-दोनच्या जोड्या लावून, मग त्या जोड्या एकत्र विणत गेलं तर जास्तीत जास्त १७ वेळा. आता पेट्या एक हजार असत्या तर? पहिल्या रीतीने ४,९९,५०० तोलण्या, दुसऱ्या रीतीने नऊ हजारांच्या आत. प्रत्येक तोलणीला प्रोसेसर वीज खातो. चांगला अल्गोरिदम (काम करण्याची रीत) म्हणजे कमी वीज, हे मुलांना इथेच कळतं, आणि पर्यावरणाचा वेगळा धडा घ्यावा लागत नाही.

दाखल-खारीज रजिस्टरही कामाला येतं. एक हजार नोंदी क्रमाने आहेत, अमुक क्रमांक शोधायचा. मधलं पान उघडा, पुढे की मागे ठरवा, अर्धं सोडून द्या. जास्तीत जास्त दहा वेळा उघडून नोंद सापडते.

अशा खेळांचा मोठा साठा न्यूझीलंडच्या कँटरबरी विद्यापीठातल्या मंडळींनी जमवला आहे. आपल्याकडे एसीएम इंडियाचा सीएसपाठशाळा हा उपक्रम २०१६ पासून हेच काम शाळांसाठी करतो आहे, आणि बेब्रास नावाची तर्ककोड्यांची स्पर्धा भारतीय भाषांतही घेतो. हाताने काम करत शिकण्याचा विचार मात्र इथल्या मातीत त्याहून जुना आहे. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत नई तालीमची मांडणी झाली, तेव्हा टकळी आणि चरखा हे शिक्षणाचं साधन होतं. स्क्रूड्रायव्हर आणि मल्टिमीटर त्याच रांगेत बसतात, असं आम्ही मानतो.

शाश्वत संगणन म्हणजे नेमकं काय?

संगणक बनवताना, चालवताना आणि टाकून देताना जमीन, पाणी, हवा आणि वीज यांवर जो भार पडतो, तो मोजून कमी करणं.

चालवण्याचा भाग सगळ्यांना सुचतो. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये जगभरच्या डेटा सेंटरांनी सुमारे ४१५ अब्ज युनिट वीज वापरली, म्हणजे जगाच्या एकूण वापराच्या दीड टक्क्याच्या आसपास. बनवण्याचा भाग मात्र सुटून जातो. लॅपटॉप किंवा मोबाईल यांच्या आयुष्यभराच्या कार्बन उत्सर्जनातला निम्म्याहून मोठा वाटा बहुतेक वेळा कारखान्यातच झालेला असतो, डबा फोडण्याआधी. म्हणून चालू स्थितीतली मशीन आणखी चार वर्षं वापरणं हे शाळेला करता येण्यासारखं सगळ्यात मोठं काम आहे. दुरुस्तीला आम्ही अभ्यासक्रमाच्या मधोमध ठेवलं आहे ते याचसाठी.

आमच्या शाळेत दहा संगणक. इथे वीज वाचवून जगाला काय फरक पडणार?

जगाला फार नाही पडणार. शाळेला पडेल, आणि शिकणाऱ्या मुलाला पडेल.

आधी शाळेचं पाहू. जुना डेस्कटॉप आणि मॉनिटर मिळून १०० वॉट धरा. दहा मशीन, रोज चार तास, वर्षाला २०० दिवस: ८०० युनिट (एक युनिट म्हणजे १,००० वॉट-तास). त्याऐवजी रास्पबेरी पायसारखा लहान संगणक आणि एलईडी पडदा मिळून ३५ वॉट धरले तर २८० युनिट. फरक ५२० युनिटांचा. वीजबिल थकलं म्हणून मीटर काढून नेलेल्या शाळा आपल्या भागात आहेत, तिथल्या मुख्याध्यापकांना ५२० युनिट म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. पण आहे त्या डेस्कटॉपवरही बरंच वाचतं: पडद्याची प्रखरता कमी करा, पाच मिनिटं कोणी हात लावला नाही तर मशीन झोपेल अशी सोय करा, आणि सुट्टीत मेन बटण बंद ठेवा. लहान संगणक हवेत म्हणून चालू डेस्कटॉप भंगारात काढणं मात्र करू नका. वरचा कारखान्याचा हिशोब आठवा.

आता दुसरा भाग. ही वीज येते कुठून? चंद्रपूरचं महाऔष्णिक वीज केंद्र २,९२० मेगावॉटचं आहे. नागपूरजवळ कोराडी आणि खापरखेडा आहेत, गोंदियाकडे तिरोडा आहे. वणी, चंद्रपूर, उमरेडचा कोळसा त्यासाठी निघतो. राज्य उजळतं ते मोठ्या प्रमाणात विदर्भाच्या जमिनीवर, आणि राख, धूळ, तापलेली हवा इथेच मागे राहते. भारताच्या ग्रिडमधल्या एका युनिटमागे सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे ते ५२० युनिट साडेतीनशे किलोच्या वर जातात. घुग्गुस किंवा वणीच्या मुलाला हा आकडा पुस्तकातला वाटत नाही. तो मुलगा उद्या पुण्यात किंवा हैदराबादेत लाखो लोक वापरतील असा प्रोग्रॅम लिहिणार असेल, तर एका ओळीमागे किती वीज जाते हे विचारण्याची सवय त्याला इथेच लागली पाहिजे. तेव्हाचा फरक दहा संगणकांचा राहणार नाही.

वीज मोजायला यंत्र घ्यावं लागतं का?

भिंतीवरचा मीटर पुरतो. डिजिटल मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी एका युनिटला किती लुकलुका ते छापलेलं असतं. समजा ३२०० आहे. म्हणजे एक लुकलुक ०.३१२५ वॉट-तासाची. बाकी सगळं बंद करून एकच संगणक सुरू ठेवायचा, एकाने घड्याळ धरायचं आणि एकाने लुकलुका मोजायच्या. मिनिटात दहा भरल्या तर १८७.५ वॉट.

एवढ्या साध्या गोष्टीत वर्ग रंगून जातो. पडदा काळा केला तर किती? व्हिडिओ लावला तर? संगणक बंद, पण प्लगचं बटण चालू, तर? त्या वेळी मुलं श्वास रोखून दिव्याकडे बघत बसतात, आणि बऱ्याच उशिराने एक लुकलुक येते. बंद वस्तूही वीज खाते हे मग कोणी सांगायची गरज उरत नाही. सातवीच्या पुढच्या वर्गांना आम्ही याच टप्प्यावर सांगतो की चिपमधला विजेचा खर्च व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात आणि वेगाच्या प्रमाणात वाढतो. व्होल्टेज थोडं कमी केलं तरी बचत मोठी होते, आणि मोबाईलची सगळी कारागिरी त्यावर उभी आहे.

सौर पॅनेल लावलं की लोडशेडिंगची चिंता मिटेल ना?

हिशोब करून लावलं तर. ३५ वॉटचे पाच संगणक चार तास चालवायला ७०० वॉट-तास लागतात. ३०० वॉटचं पॅनेल कागदावर दिवसाला १,३०० च्या वर देतं. पण पॅनेलचा आकडा २५ अंश तापमानाचा असतो. मे महिन्यात इथे हवाच ४५ अंश असते आणि पॅनेल ६५ च्या पुढे जातं. दर अंशामागे ०.४ टक्क्याच्या आसपास घट धरली तर १६ टक्के तिथेच गेले. वर धूळ, इन्व्हर्टर आणि बॅटरीतली गळती. उरतं ते पुरतं, पण फार सांडायला नाही. ऊन जास्त म्हणजे वीज जास्त, असं सरळ नसतं.

बॅटरीला तर उन्हाचा जास्त त्रास. लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य दर दहा अंशांच्या वाढीला साधारण निम्मं होतं. म्हणून ती टिनाच्या खोलीत ठेवू नका, उत्तरेकडच्या भिंतीशी, हवा खेळेल अशा जागी ठेवा आणि पाणी तपासायची जबाबदारी नाव लिहून कोणावर तरी द्या. पॅनेल आलं आणि दोन वर्षांत बॅटरी बसली, अशा शाळा जागोजागी दिसतात. बॅटरी बदलण्याचे पैसे पहिल्या दिवसापासून बाजूला पडले पाहिजेत. मृगाच्या आधी अर्थिंग तपासून घ्या, आणि ढग गडगडू लागले की प्लग काढा. वीज खांबावर पडली तर सर्ज प्रोटेक्टरवर फार विसंबू नये.

गावात नेटवर्क नाही. मग?

चालतं. किविक्स आणि कोलिब्री हे नेटशिवाय चालणारे प्रोग्रॅम आहेत. किविक्समध्ये विकिपीडिया आणि कोलिब्रीमध्ये धडे एकदा शहरातून भरून आणायचे, एका मशीनवर ठेवायचे आणि वर्गातल्या वायफायवर सगळ्यांनी वाचायचे. मेळघाटात किंवा भामरागडकडे हाच मार्ग आहे. पन्नास मुलांनी एकच व्हिडिओ पन्नास वेळा उतरवण्यापेक्षा वीजही कमी लागते.

मराठीतून शिकवलं तर पुढे इंग्रजीत अडणार नाही का?

कल्पना मराठीत पक्की झाली असेल तर इंग्रजी शब्द त्यावर आठवड्याभरात बसतात. कल्पनाच कच्ची असेल तर इंग्रजी पाठ करूनही अडतं, हे कॉलेजच्या पहिल्या वर्षाला शिकवणारा कोणीही सांगेल. आम्ही प्रोग्रॅममधले आदेश इंग्रजीतच ठेवतो, पण पायथॉन ३ या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत चलाचं (व्हेरिएबलचं) नाव देवनागरीत देता येतं, म्हणून कापूस, भाव, क्विंटल अशी नावं मुलं बिनधास्त लिहितात आणि कापूस विक्रीच्या पट्टीची पावती छापणारा प्रोग्रॅम पहिल्या महिन्यातच तयार होतो. मग पुढचा प्रश्न येतो: संगणक मराठी साठवतो कसा? 'कापूस' मध्ये क, काना, प, ऊकार आणि स अशी पाच चिन्हं. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं, म्हणून पंधरा बाइट.

आश्रमशाळांमध्ये मराठी ही देखील मुलांची दुसरी भाषा असते. गोंडी, कोरकू, कोलामी, माडिया बोलणाऱ्या मुलांना आम्ही सूचना आधी त्यांच्यातल्याच मोठ्या मुलाकडून सांगून घेतो. मसराम गोंडी लिपी २०१७ मध्ये युनिकोडमध्ये आली. आपली लिपी संगणकाच्या तक्त्यात आहे हे पडद्यावर दाखवलं की गोंड मुलांचे चेहरे पाहण्यासारखे होतात.

'भाऊ, पोट्टे आधीच दिवसभर मोबाईल पाहून राहिले. तुम्ही अजून कॉम्प्युटर कायले शिकवता?'

काकाजी, चिंता रास्त आहे. म्हणूनच आमच्या तासाला पडदा कमी आणि हात जास्त चालतात. मोबाईल पाहणारं पोरगं दुसऱ्याने बनवलेलं पाहतं, इथे त्याला स्वतः काही बनवावं लागतं. तासाला एकदा येऊन मागच्या बाकावर बसा, कोणत्याही दिवशी, न सांगता.

मुलींसाठी वेगळी व्यवस्था आहे का?

वेगळा वर्ग नाही, पण वेळ आणि मांडणी मुलींचा विचार करूनच ठरते. तास शाळेच्या वेळेतच घेतो, कारण सुटल्यानंतर ठेवला की बाहेरगावच्या मुलींची एसटी चुकते आणि दुसऱ्या आठवड्यापासून त्या येणं बंद करतात. प्रत्येक गटात स्क्रूड्रायव्हर आधी मुलीच्या हातात जातो. हा नियम सांगून पाळावा लागतो. न सांगता सोडलं की मुलगे मशीनभोवती कोंडाळं करतात आणि मुली वहीत नोंदी घेत बसतात.

याचा शेतीला काही उपयोग?

आहे, पण जाहिरातीतल्यासारखा नाही. मातीतला ओलावा मोजणारा सेन्सर हे त्याचं चांगलं उदाहरण.

बाजारात दोन प्रकार मिळतात. दोन उघड्या दांड्यांचा स्वस्त सेन्सर मातीतून वीज सोडतो, आणि दांड्या काही आठवड्यांतच खाऊन जातात. दुसरा कपॅसिटिव्ह, पट्टीसारखा, त्याचा धातू झाकलेला असतो. तो घ्या. पण तोही आपल्या काळ्या मातीत फसवतो. काळी माती ओली असताना फुगते आणि सुकली की भेगाळते. भेग बरोबर पट्टीजवळून गेली की सेन्सर मातीचा नाही, भेगेतल्या हवेचा आकडा सांगतो, आणि खाली ओल असूनही 'पाणी द्या' म्हणतो. म्हणून पट्टी खोल, तिरपी आणि माती नीट दाबून बसवायची, आणि एका शेतात किमान तीन ठिकाणी.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे सेन्सरचा आकडा आपल्या मातीला लावून घेणं. प्रयोगशाळेत माती १०५ अंशांवर २४ तास सुकवून ओलावा काढतात. शाळेत आम्ही तव्यावर मंद आचेवर माती परततो आणि वजन घटायचं थांबलं की ती कोरडी समजतो. मग मोजून पाणी घालत जायचं आणि प्रत्येक पायरीला सेन्सरचा आकडा लिहायचा. मुलांनी काढलेला हा आलेख त्या एका शेतापुरताच खरा असतो. चिकण जास्त असलेल्या शेजारच्या शेतात तो चालत नाही, आणि हे कळणं म्हणजेच अभियांत्रिकी.

वीज इथेही शिकवते. सेन्सरचा आकडा पाठवणारी ईएसपी३२ चिप वायफायवर जागी असताना शंभर मिलिअँपिअरच्या वर घेते, गाढ झोपेत काही मायक्रोअँपिअर. मातीची ओल सेकंदाला बदलत नाही, तासाला एकदा पाहिली तरी पुरे. मग तासभर झोपवा, क्षणभर जागवा, आकडा पाठवा. तीच बॅटरी दोन दिवसांऐवजी कित्येक आठवडे जाते. बोर्डावरचा सतत जळणारा छोटा दिवाही काढायचा, झोपेच्या हिशोबात तो फार महाग पडतो.

निकामी सामान भंगारवाल्याला दिलं तर काय बिघडतं?

तांब्यासाठी तारा जाळल्या जातात. तारेवरचं पीव्हीसी जळताना डायॉक्सिनसारखी विषं निघतात. जुन्या मॉनिटरच्या काचेत शिसं असतं. बोर्डावरचं सोनं काढायला ॲसिड वापरलं की उरलेलं पाणी नाल्यात जातं, आणि नाल्याकाठी आपल्याच विहिरी असतात. भंगारवाल्या भावाचा यात दोष नाही, त्याच्याही फुफ्फुसात तेच जातं. २०२२ मध्ये जगभरात ६.२ कोटी टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातला २२.३ टक्केच रीतसर गोळा होऊन पुनर्वापराला गेला, असं संयुक्त राष्ट्रांचा २०२४ चा अहवाल सांगतो.

भारतात ई-कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. जुना माल नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडे जाईल हे पाहण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. शाळेने करायचं ते असं: सामान एका कोरड्या खोलीत साठवा, चार-पाच शाळांचं मिळून एकत्र करा, आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंद असलेल्या केंद्रालाच द्या, पावती घेऊन. एका शाळेच्या दोन मॉनिटरांसाठी कोणी गाडी पाठवत नाही, म्हणून केंद्रप्रमुखांनी पुढाकार घेतला तर काम होतं. लेड-ॲसिड बॅटरी वेगळी ठेवा, ती नवीन घेताना दुकानदार परत घेतो. फुगलेली मोबाईलची बॅटरी टोचू नका, दाबू नका.

डेडस्टॉक रजिस्टरमध्ये (शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत) नाव असलेली कोणतीही वस्तू निर्लेखनाची, म्हणजे नोंदीतून कमी करण्याची, मंजुरी मिळाल्याशिवाय हलवायची नाही. याच भीतीने खोल्याच्या खोल्या अडून बसल्या आहेत, पण उपाय साधा आहे: ठराव शाळा व्यवस्थापन समितीत घ्या, यादी वरच्या कार्यालयाला द्या, पाठपुरावा करा. हार्ड डिस्क देण्याआधी मुलांची माहिती पूर्ण पुसा.

एआय शिकवता का?

आठवी-नववीला, शेवटी. झाडांची पानं जमवून 'कडा दातेरी आहे का, देठ लांब आहे का' असे प्रश्न विचारत निर्णयवृक्ष बनवतो. सागाचं पान आणि पळसाचं पान ओळखणारा वृक्ष मुलांनीच काढला की यंत्र 'शिकतं' म्हणजे काय याचा धागा हाती लागतो.

हे शिकून नोकरी लागेल का?

तसं आश्वासन आम्ही देत नाही. दहावीनंतर पॉलिटेक्निकचा डिप्लोमा, आयटीआयमधला कोपा (संगणक चालवणं आणि प्रोग्रॅमिंगमधली मदत) किंवा हार्डवेअर-नेटवर्कचा ट्रेड, बारावीनंतर एमएचटी-सीईटी देऊन अभियांत्रिकी, या वाटा आम्ही समजावून सांगतो आणि फॉर्म भरायला सोबत बसतो. दुरुस्ती येणाऱ्या हाताला तालुक्याच्या गावी काम मिळतं, एवढं मात्र दिसतं.

आम्ही इंजिनिअरिंगचे विद्यार्थी आहोत. शिकवायला यायचं आहे. काय लक्षात ठेवावं?

एका दिवसाचा कार्यक्रम, बॅनर, फोटो आणि वाटप असा बेत असेल तर येऊ नका. एकाच शाळेत वर्षभर, ठरलेल्या वारी येता येणार असेल तर जरूर या. शाळेच्या शिक्षकाला सोबत घेऊनच तास घ्या, कारण तुम्ही गेल्यावर तोच उरणार आहे. देणगीत आलेले संगणक स्वतः तपासल्याशिवाय गावात नेऊ नका. शहरातलं नको असलेलं सामान 'दान' म्हणून शाळेत टाकलं की त्याचा ई-कचरा शाळेच्या माथी येतो. स्लाइड आणू नका. सुटे भाग, तारा, तुरीचे दाणे आणि तराजू आणा. मुलाने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर येत नसेल तर त्याच्यासोबत शोधायला बसा.

आमच्या शाळेत कधी सुरू करता येईल, आणि काय तयारी ठेवावी?

विदर्भात शाळा जूनअखेरीस उघडतात. जुलै ते सप्टेंबर हा काळ सगळ्यात चांगला, पोळ्याची सुट्टी वगळून. ऑक्टोबरनंतर कापूस वेचणीला घरची माणसं कमी पडतात, पट घसरतो, म्हणून तेव्हा नवीन विषय न घेता सरावाचे तास ठेवतो. मार्चपासून सकाळची शाळा लागते, मग तास सकाळी नऊच्या आत संपवायचा.

तयारीत संगणक खोलीची किल्ली कोणाकडे आहे ते शोधून ठेवा, डेडस्टॉक रजिस्टर काढून ठेवा, आणि गावातल्या वायरमनला एकदा खोलीतली अर्थिंग पाहायला सांगा. मीटर कुलूपबंद पेटीत असेल तर ती उघडून ठेवा, कारण पहिल्याच आठवड्यात मुलं लुकलुका मोजायला तिथे उभी राहणार आहेत.